पालक म्हणजे मालक नव्हे

गेल्या हिवाळ्यात आमच्या धर्मग्रामातील काही भाविकांसमवेत आम्ही मध्य प्रदेशात उदयनगरच्या यात्रेस गेलो होतो. गोरगरिबांच्या हक्कांसाठी झटताना ज्यांना १९९५ साली प्राणांस मुकावे लागले व ज्यांना २०१७ साली इंदूर येथे धन्य म्हणून घोषित करण्यात आले, त्या सिस्टर राणी मारिया यांच्या समाधीपाशी प्रार्थना करून आम्ही परतलो. इंदूरला एका दिवसाचा मुक्काम होता. आमच्या गावातून फार वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त तिकडे गेलेले एक कुटुंब विजय नगर भागात राहते, हे ठाऊक असल्याने सायंकाळी आम्ही त्यांचे घर शोधीत गेलो.

दार उघडले ते घरातील मुलाने. मुलगा म्हणायचे इतकेच. वयाने तो आमच्याहून दोनच वर्षांनी लहान. जन्मापासून त्याच्या बुद्धीची वाढ बेताची. त्याने आमच्या हातातील पिशवी घेतली, पाणी आणून दिले आणि "फादर, जेवणार ना?" असे तीनदा विचारले. त्याची आई आता पंचाहत्तरीला टेकली आहे. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली.

रोझरी झाल्यावर मावशींनी क्रुसाखालच्या कपाटातून एक जाड फाईल काढून आमच्यापुढे ठेवली. "फादर, मी डोळे मिटले की याचं कोण, हा घोर मला चाळीस वर्षं होता. आता निम्मा उतरला," त्या म्हणाल्या.

त्या फाईलीत जे होते ते आम्हांस, इतकी वर्षे सेमिनरीत व धर्मग्रामात घालवूनही, नीट ठाऊक नव्हते, हे येथेच कबूल करतो.

आपली समजूत अशी की, असे लेकरू कितीही मोठे झाले तरी आईबाप हेच त्याचे कायदेशीर पालक. तसे नाही. अठरा वर्षे पूर्ण होताच कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते आणि आईबापांचे पालकत्व संपते. वडिलांच्या पश्चात एका कचेरीत मावशींना हेच सांगण्यात आले. मुलाला आईच्या मागे तहहयात मिळू शकणारे कुटुंब निवृत्तिवेतन त्याच्या वतीने कोणी घ्यायचे, तर त्यासाठी पालकाचे प्रमाणपत्र ग्राह्य धरतात.

ते मिळण्याची वाट १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने घालून दिली आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारच्या व्यक्तींसाठी तो आहे. त्यासाठी स्थानिक स्तर समिती असते. तीत जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असे तिघे बसतात. आईबाप किंवा नातलग अर्ज करून आपल्या पसंतीच्या माणसाचे नाव सुचवू शकतात. मावशींनी स्वतःचे नाव न सुचविता आपल्या विवाहित मुलीचे सुचविले. कारण विचारता त्या म्हणाल्या, "मी जिवंत आहे तोवर तिचा हिशोब मला डोळ्यांनी बघता यावा."

समितीने काय विचारले, तेही त्यांनी सांगितले. या माणसाला पालकाची गरज आहे काय, आणि असेल तर नेमकी कशासाठी, या दोन गोष्टींचा विचार समितीने करावा असे कायदाच म्हणतो. चहा तो स्वतः करतो, कोपऱ्यावरून दूध आणतो, कोणता सदरा घालायचा ते स्वतः ठरवितो. या गोष्टींसाठी त्याला पालक नको. पैशांचे व कागदपत्रांचे व्यवहार मात्र त्याला उमगत नाहीत. तेथे पालक हवा. मग त्यालाच विचारले, "तुझे पैसे कोणी सांभाळावेत?" तो म्हणाला, "ताई. ताई ओरडत नाही."

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. वीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट डोळ्यांपुढे उभी राहिली होती.

आम्ही नुकतेच गुरुदीक्षा घेऊन एका किनाऱ्यालगतच्या धर्मग्रामात साहाय्यक म्हणून रुजू झालो होतो. तेथे तीन भाऊ होते, मधला भोळा. आईबाप वारलेले. एके दिवशी थोरला व धाकटा वाडीच्या विक्रीचा कागद घेऊन आले आणि साक्षीदार म्हणून आमची सही मागितली. मधल्याने हसत हसत अंगठा उठविला. घरचा मामला आहे, भाऊ भावाचे पाहतीलच, असे समजून आम्ही सही केली. कागदावर काय आहे ते त्याला कोणी समजावून सांगितले नाही, आम्हीही नाही. पुढे वाडीभोवती भिंत उभी राहिली. तो मात्र रोज सकाळी केळींना पाणी घालायचे म्हणून बादली घेऊन त्या भिंतीशी येऊन उभा राही. काही महिन्यांनी त्याला दूरच्या एका आश्रमात ठेवण्यात आले. तेथेच तो वारला. त्याच्या वाट्याचे पैसे कोठे गेले, हे आम्ही कधी विचारले नाही.

ज्याला व्यवहार समजत नाही व त्यात आपले हित-अहित काय हे ठरविता येत नाही, त्याने केलेला करार निरर्थक, असे १८७२ चा करार कायदा सांगतो. म्हणजे तो अंगठा कायद्याने पोकळ होता, आणि त्याखालची आमची सही त्याहून पोकळ.

आम्हांस वाटते, आपल्या गावांत असे घडते ते प्रत्येक वेळी दुष्टाव्याने नव्हे. "आम्हीच त्याला जेवू घालतो, मग त्याचे ते आमचेच," या विचाराने घडते. पालक म्हणजे मालक, ही ती चूक होय. कायदा याच्या उलट सांगतो. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी सादर करावयाची आणि पुढे दरवर्षी जमाखर्च द्यावयाचा. पालक हेळसांड करीत असेल किंवा पैसा गिळीत असेल, तर आईबाप, नातलग किंवा नोंदणीकृत संस्था त्याला दूर करण्याची मागणी समितीकडे करू शकतात. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तर मर्यादित पालकत्वाची भाषा बोलतो. निर्णय दोघांनी मिळून, परस्पर विश्वासाने व त्या व्यक्तीच्या इच्छेस धरून घ्यावयाचे. तेही ठरावीक बाबींपुरते व ठरावीक काळापुरते.

मानसिक आजाराची गोष्ट वेगळी आहे. २०१७ च्या कायद्यान्वये कोणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही वा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकते. पण त्याचा अधिकार औषधोपचारापुरता, जमीनजुमल्यावर नव्हे. कोणी बेशुद्धावस्थेत खिळून पडला, तर त्याच्या बायकोला बँकेतील पैसेही काढता येत नाहीत. अशांसाठी स्वतंत्र कायदा नाही. उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली त्यासाठी नियम घालून दिले. तेथेही पालकाने वेळोवेळी अहवाल देणे आलेच.

हिशोबाची ही गोष्ट आपणांस नवी नाही. धन्याने कारभाऱ्याला बोलावून जाब विचारल्याचा दाखला प्रभू येशूनेच दिला. संत जोसेफाला बालक येशू सांभाळावयास मिळाला. त्याने त्याला आपला म्हटले, पण आपली मत्ता मानले नाही. पालकत्वाचा याहून उजवा कित्ता कोणता?

ज्यांच्या घरी असे लेकरू आहे, त्यांनी आपण धडधाकट असतानाच जिल्हाधिकारी कार्यालयात या समितीची चौकशी करावी. दाखले जमविण्यास व अर्ज लिहिण्यास आम्ही सोबत येऊ. आणि ज्यांच्या घरी असा भाऊ वा बहीण आहे, त्यांस एक नम्रपणे कळवितो. यापुढे आमच्याकडे साक्षीच्या सहीसाठी कागद आणाल, तर आम्ही त्याला आपल्याशेजारी बसवू, त्याला काय समजले ते त्याच्याच तोंडून ऐकू, आणि त्याचा वाटा कोठे ठेवला ते विचारू. उत्तर मिळेपर्यंत आमची लेखणी खिशातच राहील.