आबाजींची बत्ती

अंजनगाव सुर्जीहून गाविलगडचे डोंगर दिसतात; समुद्र फार लांब. आबाजींनी तो कधी पाहिलाच नाही. तरी दीपगृह म्हटलं की मला तेच आठवतात, कारण आमच्या स्टेशनात सिग्नलच्या बत्त्या लावायचं काम त्यांचं होतं.

आमच्या स्टेशनातून जायची ती शकुंतला रेल्वे, मूर्तिजापूर–अचलपूर अशी ७६ किलोमीटरची लाईन. वऱ्हाडचा कापूस बाहेर काढायला किलिक-निक्सन या इंग्रज कंपनीने टाकलेली. अडीच फुटी रूळ आणि १९२१ साली मँचेस्टरात बनलेलं वाफेचं इंजिन. ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबलं. गाडीच्या निवांतपणाचे किस्से सगळ्यांनी ऐकलेत, ते राहू द्या.

दिवस मावळायच्या आत आबाजी निघत. हातात मातीच्या तेलाचा डबा, खांद्यावर फडकं. वात कातरायची, काच पुसायची, शिडी चढून बत्ती बसवायची.

"गाडीचा तं पत्ता नाई, मंग बत्ती कायले?" मी विचारायचो.

"ते येवो न येवो. आपली बत्ती पाह्यजे."

त्यांच्या कोटाचा तेलाचा वास जाता जात नसे. आजी तो कोट घरात येऊच देत नव्हती. ओसरीतल्या खुंटीवर टांगायला लावी. आबाजी गेल्यावर मात्र तिनेच तो घडी करून पेटीत ठेवला, कपड्यांच्या मधोमध.

पुढे गाडीही बंद पडली. रुळांत बाभळी उगवल्या. ब्रॉडगेज होणार, असं दर निवडणुकीत ऐकतो. होवो बापडी; तिच्यात शिडी चढणारं कोणी नसेल.

एकदा मांडव्याहून मुंबईला परतताना तिन्हीसांजेला लाँचवरच्या खलाशाने एक झपका दाखवला. कुलाब्याच्या टोकापुढे खडकांवर उभं असलेलं प्राँग्ज दीपगृह, १८७५ सालचं, अजून चालू. प्रत्येक दीपगृहाच्या झपक्यांची लय वेगळी असते, ती मोजून आपण कुठे आहोत ते कळतं, असं तो सांगत होता. माझं लक्ष भलत्याच हिशेबात. आबाजींच्या काळात कापूस बराचसा मुंबईच्या गिरण्यांतच जिरायचा. पण त्यांच्या वडिलांच्या वेळी आमच्याकडच्या रुईच्या गाठी मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढत, मुंबईत बोटीत, आणि विलायतेला निघताना याच दिव्याजवळून जात. आमच्या स्टेशनातली बत्ती त्या वाटेच्या सुरुवातीची, आणि किनारा सुटताना ही.

आबाजींना हे सांगायला हवं होतं. कापसाचं त्यांनी ऐकून सोडून दिलं असतं. विचारलं असतं ते एवढंच: "इतक्या वर तेल कोण चढवते रे?"