शेवटच्याच्या मागे एक

बुलढाणा जिल्ह्यात पहाटे कोणी धावताना दिसलं की बघणाऱ्याच्या तोंडी एकच प्रश्न येतो: कोणत्या भरतीची तयारी? प्रश्न रास्त आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० या एका धावेचे. दोन-चार सेकंदांवर नोकरी अडते. त्यामुळे धावणं म्हणजे कोणाला तरी मागे टाकणं, हे आपल्या अंगात मुरलं आहे. भरती झाली किंवा वय उलटलं की बूट माळ्यावर जातात. चाळिशीतली एखादी शिक्षिका बागेत धावू लागली, तर ही कशासाठी धावते, याचा उलगडाच लोकांना होत नाही.

२००४ साली धावण्याच्या दोन वेगळ्या रीती सुरू झाल्या. फेब्रुवारीत मुंबई मॅरेथॉन पहिल्यांदा झाली. शुल्क, पदक, बक्षिसं, वर्षातून एक दिवस, थोडक्यात, जत्रा. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्यूइट या दुखापतीमुळे स्वतः धावू न शकणाऱ्या गृहस्थाने तेरा जणांना पाच किलोमीटर धावायला बोलावलं. फुकट, आणि पुढे दर शनिवारी. क्रमांकाचे बिल्ले म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले वायसर वापरले. तोच उपक्रम पुढे ‘पार्करन’ नावाने देशोदेशी पसरला. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती एक छोटी व्यवस्था: एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालतो, म्हणजे आलेल्यांपैकी कोणीच शेवटचा ठरत नाही. २०२४ मध्ये त्यांनी संकेतस्थळावरच्या विक्रमांच्या याद्याही काढून टाकल्या. त्यावर वेगवान मंडळी रागावली, रागावणारच. जत्रेला न जाणारा माणूसही आठवडी बाजाराला जातो, कारण तिथे नटून जावं लागत नाही. आपल्याकडेही अशी साप्ताहिक धाव, समजा दर रविवारी, सुरू करावी; ती टिकायची असेल तर तिने बाजाराचा गुण घ्यावा, भरतीचा नको.

हे परक्या मातीचं वाटत असेल, तर शेगावकडे बघा. पंढरपूरहून परतणारी गजानन महाराजांची पालखी खामगावहून शेगावला निघते, तेव्हा त्या शेवटच्या टप्प्यात सोबत चालायला माणसांचा पूर लोटतो. किती वेळात पोचलात, हे तिथे कोणी विचारत नाही. वारी ही भक्ती आहे, तिची तुलना व्यायामाशी कशाला, असा आक्षेप येईल. मान्य, श्रद्धेची बरोबरी नाहीच. पण अनोळखी माणसाच्या चालीशी आपली चाल जुळवून घेणं या भागाला शिकवावं लागत नाही, एवढंच म्हणायचं आहे.

यापेक्षा अवघड आक्षेप शेतातून येतो. दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईला रविवारी धावायला बोलावणं ही थट्टाच. तिच्यासाठी हा उपक्रम नाही, हे आधीच कबूल करावं आणि ‘ग्रामीण आरोग्य अभियान’ असा फलक तर मुळीच लावू नये. पण गल्ल्यावरचा दुकानदार, टेबलावरचा कारकून, काळी-पिवळी चालवणारा, यांचा घाम केव्हाच आटला आहे. आठवड्यातून एकदा धावून काय होणार, हेही खरं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. पाच किलोमीटर धावत-चालत झाले तरी पाऊण तासच भरतो. मात्र ठरलेल्या वाराला न आलेल्याची चौकशी होते, आणि घरच्या ट्रेडमिलला ती करता येत नाही.

भरतीची मुलं आधी पोचतील, हे उघड आहे. त्यांच्यातल्या एकाने आळीपाळीने दर रविवारी शेवटच्या माणसामागे चालायचं, एवढी एक अट घालावी. त्या दिवशी त्याची वेळ कोणी टिपणार नाही.