चार दिवसांचं दूध

चि. छकुलीस,


तुझं पत्र वाचलं. आधी फार बरं वाटलं आणि मग पोटात गोळा आला. पहिल्या वाढदिवसाला फुगे नाहीत, हॉल नाही, परतीच्या भेटी नाहीत. त्याऐवजी कपाटात न वापरता पडलेलं बाळाचं सगळं सामान गाडीत भरायचं आणि चाकणच्या बाजूला, खराबवाडी-महाळुंग्याच्या खोल्यांमधून, कंपन्यांत राबणाऱ्यांच्या बाळांना वाटायचं. हे तुला सुचलं, यात नवल नाही. तू तुझ्या आजीवर गेली आहेस. तू विचारलंस एवढंच, की कुणाच्या हवाली केलं तर नीट जागी पोचेल. पत्ते सांगते. पण तुझ्या यादीत सगळ्यात वर जे लिहिलं आहेस, ‘पावडरीचे सहा सीलबंद डबे, चार बाटल्या’, ते वाचून मी अडले. झबली-टोपडी आणि डबे तू एकाच गाठोड्यात बांधलेस. तुझ्या त्या पहिल्या महिन्यातल्या घाबरगुंडीचे हे डबे, दुसरं काय! ते दुसऱ्या आईच्या घरात पोचवू नकोस, एवढंच मला सांगायचं आहे. बाकीचं पत्र त्याच्या कारणांचं.

डबा हातात घेऊन जरा नीट बघ. त्यावर बाळाचं चित्र नाही, आईचं नाही. असतं ते आईचं दूधच बाळाला सर्वांत चांगलं, हे वाक्य. बाकी बाजारातल्या झाडून सगळ्या वस्तूंवर गुटगुटीत बाळं हसत असताना इथेच का नाही? कारण १९९२ साली आपल्याकडे त्यासाठी कायदा झाला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला. त्याच कायद्यात दानाचंही कलम आहे: बाळाच्या दुधाची पावडर आणि दूध पाजायच्या बाटल्या कोणीही कुणाला दान करू नयेत किंवा वाटू नयेत, अपवाद फक्त अनाथाश्रमाचा. ‘कोणीही’ म्हणजे कंपनीवालाच नव्हे, तूही आलीस. ‘मला काय पोलीस पकडणार आहेत?’ असं तू म्हणशीलच. नाही पकडणार. कायद्याची भीती घालायला मी हे लिहीत नाही. पण संसदेत बसलेल्यांना दुधाच्या दानावर बंदी घालावीशी वाटली, ती उगाच नाही.

आता हिशेब कर, तुला आकडे आवडतात. चारशे ग्रॅमच्या डब्यात तीन लिटरच्या आत-बाहेर दूध होतं. दोन-तीन महिन्यांचं, पाच किलो वजनाचं बाळ दिवसाला पाऊण लिटर पितं. म्हणजे डबा जेमतेम चार दिवस. महिन्याला आठ. तुझे सहाच्या सहा डबे एका घरी दिलेस तरी तीन-साडेतीन आठवडे, आणि सहा घरांत वाटलेस तर प्रत्येकी चार दिवस. चार दिवसांनी काय? मधल्या काळात बाळ छातीशी कमी लागलेलं असतं. बाळ जेवढं ओढेल तेवढंच दूध उतरतं. ओढणं कमी झालं की अंगावरचं दूधही हटायला लागतं. मग घरातली मोठी बाई म्हणते, ‘हिला दूधच पुरत नाही.’ नवऱ्याला पगारातून डबा आणावा लागतो आणि तो पुरवून पुरवून वापरायचा म्हणून एका चमच्याला दुप्पट पाणी पडतं. बाळाचं पोट भरलेलं दिसतं, वजन मात्र जागचं हलत नाही. यात कुणाचाही दुष्टावा नाही बघ. सगळे आपापल्या परीने शहाणेच वागतात, म्हणून तर मला जास्त काळजी वाटते.

शिवाय पाणी. पावडर निर्जंतुक नसते. ती निदान सत्तर अंश तापमानाच्या पाण्यात कालवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दर खेपेला बाटली आणि बूच उकळायचं, उरलेलं दूध टाकून द्यायचं. तुझ्या किचनमध्ये फिल्टर आहे, स्टरिलायझर आहे, तरी तुमच्या शहरात २०१९ च्या अखेरीपासून एक दिवसाआड येणाऱ्या पाण्यावर तुझी किती कुरकुर असते. दहा बाय दहाच्या खोलीत, टँकरचं पाणी पिंपात साठवून, पाच किलोच्या सिलिंडरवर हे दिवसातून सात-आठ वेळा कोण करील? आणि हा नुसता माझा तर्क नाही. २००६ च्या मे महिन्यात इंडोनेशियात योग्यकर्ताच्या परिसरात मोठा भूकंप झाला. जगभरातून दयाळू लोकांनी बाळांसाठी पावडरीचे डबे पाठवले. नंतर पाहणी झाली, तेव्हा दानाची पावडर मिळालेल्या बाळांमध्ये जुलाबाचं प्रमाण न मिळालेल्यांच्या दुपटीच्या घरात निघालं. देणाऱ्यांच्या मनात खोट होती का? तुझ्यासारखीच माणसं होती ती.

तुझा पुढचा मुद्दा मला इथूनच ऐकू येतो: ‘पण मावशी, त्या बायका कामाला जातात, अंगावर पाजणार कधी?’ मुद्दा खरा आहे, म्हणूनच तो डब्याने झाकायचा नाही. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, पन्नास माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय सांगितली. बाळ पंधरा महिन्यांचं होईतो दूध पाजायला दिवसातून दोन सुट्ट्या हे तर १९६१ पासूनचं आहे. हे कागदावर. रजेसाठी आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केल्याची नोंद लागते, आणि ठेकेदाराकडून लागलेल्या, मधे मधे ब्रेक दिला जाणाऱ्या बाईची नोंद कोण ठेवतो? भोसरीपासून चाकणपर्यंत गाड्यांचे सुटे भाग मिनिटाला किती निघतात याचा हिशेब पक्का असतो. तो जुळवणाऱ्या बाईचं बाळ दुपारी कुणापाशी आहे, याची विचारपूस नाही. तुमच्या सोसायटीत कंपन्यांचे एच.आर. वाले काही कमी नाहीत. वाढदिवसाच्या दिवशी त्यांच्यातल्या एकाला गाठून ‘तुमच्याकडचं पाळणाघर ठेक्यावरच्या बायकांना खुलं आहे का हो?’ एवढं विचारलंस, तर सहा डब्यांपेक्षा ते मोठं दान होईल. बघ, निघाले कुठून आणि पोचले कुठे! तू हसशील, पण हे मला सांगायचंच होतं.

आणि आई आजारी असेल, नसेलच, किंवा बाळ दिवस भरायच्या आत झालं असेल तर? तर पावडर लागते, नाकारण्यात अर्थ नाही. पण ते डॉक्टर ठरवतील, आणि मग पुरवठा सहा महिने हवा, चार दिवस नाही. आईच्या दुधाच्या पेढ्याही आहेत. आशियातली पहिली १९८९ मध्ये मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. म्हणजे दुधाचं दान वाईट नाही. कुणाचं दूध, कुणाच्या देखरेखीखाली, हा प्रश्न.

तेव्हा डबे जायचे ते कायद्याने उघडी ठेवलेल्या एकाच दारी. नोंदणी असलेलं शिशुगृह किंवा दत्तक संस्था, जिथे आई नसलेली बाळं आहेत आणि रोज डबा लागतोच. ससून रुग्णालयाशी जोडलेलं ‘श्रीवत्स’ हे शिशुगृह तुला माहीत आहे. आधी फोन कर: कोणता डबा चालतो, कोणत्या वयाचा, किती मुदत उरलेली हवी. ते नको म्हणाले तर रागावू नकोस. तान्ह्यांचं दूध असं वरचेवर बदलत नाहीत. मुदत संपत आलेला किंवा एकदा फोडलेला डबा सरळ टाक, जिवावर आलं तरी.

बाकीच्या सामानाला माझी आडकाठी नाही. झबली, लंगोट, दुपटी खुशाल दे. ‘वापरलेलं कसं द्यायचं?’ हा संकोच आपल्याकडे नवा आहे. तान्ह्याला पहिलं झबलं जुनंच घालायची रीत होती, धुऊन धुऊन मऊ झालेलं, एखाद्या धडधाकट वाढलेल्या मुलाचं. फक्त प्रत्येक कपडा उलटा करून बघ. आतली शिवण टोचते का, टिचबटण सुटून बाळाच्या तोंडात जाईल का, टोपड्याचा बंद गळ्याशी आवळेल इतका लांब आहे का. आणि वयाप्रमाणे जुडगे बांध, म्हणजे एकेका घरी पुरता बाळंतविडा जाईल. पोतं ओतून ‘निवडा’ म्हणायचं नाही. १९९९ मध्ये सुरू झालेली गूंज ही संस्था कपडे कामाचा मोबदला म्हणून देते, भीक म्हणून नाही. तो मान तेवढा त्यांच्याकडून घे. डायपर शिशुगृहालाच दे, पुड्यावर बाळाच्या वजनाचा आकडा असतो तो सांगून. लाकडी पलंग खोल्यांमध्ये नेऊ नकोस. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो तीच जागा तो अडवील, तिथे झोळीच बरी. पलंग हवा का, ते पाळणाघराला विचार. वॉकर मात्र कुणालाच देऊ नको, मोडून भंगारात घाल. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली, पोरं जिन्यावरून गडगडतात म्हणून. आणि वाटताना फोटो काढायचे नाहीत. तुझ्यासोबत वाटायला येणाऱ्यांना हे तूच सांग, माझं नाव पुढे केलंस तरी चालेल.

आता खरी काळजी. पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या खाली, बारीक अक्षरात तू लिहिलंस की दोन डबे आणि एक बाटली कामाच्या मावशींना आधीच देऊन टाकली, त्यांची लेक बाळंतपणाला आली आहे म्हणून. बाळ किती दिवसांचं आहे? लेक अंगावर पाजते ना? डबा फोडला का? डबे परत मागू नकोस, दिलेलं मागितलं की बाईच्या मनाला लागतं. उद्या त्या आल्या की बस त्यांच्यासोबत, चहा कर आणि सहज विचार. फोडला असेल तर पाणी किती घालतात ते विचार, आणि लेकीला बाळासकट घेऊन वायसीएम रुग्णालयातल्या बाळांच्या ओपीडीत स्वतः जा. वजन करून घे, दूध पुन्हा कसं आणायचं ते तिथल्या सिस्टरांना दाखवायला सांग. सुट्टी टाकावी लागली तर टाक. मग मला लगेच फोन कर, कितीही उशीर झाला तरी चालेल. मी जागीच असते.

तुझी,
मावशी