घट्ट म्हणजे किती

स्टेपनी बदलताना नट सुटला नाही की बोल बाईच्या मनगटाला लागतो. याचा मला राग येतो, आणि वयाबरोबर तो वाढतच चालला आहे. नट सुटत नाही, कारण कुणीतरी तो हवेच्या गनने गरजेच्या तिप्पट-चौपट आवळून ठेवलेला असतो. लहान मोटारीच्या चाकाच्या नटाला साधारण 85 ते 110 न्यूटन मीटर पीळ पुरतो. टायरच्या दुकानातली अर्ध्या इंची गन दाबून धरली, तर ती 400 च्याही पुढे जाऊ शकते. पोरगा घोडा दाबतो, टर्र आवाज काढतो आणि पुढच्या चाकाकडे वळतो. मग गाडीबरोबर मिळालेला वीतभर पाना घेऊन एखादी बाई रात्री रस्त्यात त्या नटाशी झटते, आणि थांबलेला स्कूटरवाला तिला सांगतो, "ताई, हे तुमचं काम नव्हे." त्या पान्यावर तो स्वतः लोंबकळला तरी नट हलायचा नाही.

उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजमध्ये रविवारी सकाळी बायका शिकायला येतात. बॉनेट कधीच न उघडलेल्या. हवा, तेल, कूलंट, बॅटरीची टोकं या गोष्टी त्या चटकन उचलतात. त्यावर मी काय लिहायचं? नट सोडवण्याचाही उपाय आहे. चाक जमिनीवर असतानाच पान्यावर दोन फुटी पाईप चढवायचा, तो डावीकडे आडवा ठेवायचा आणि अंगाचं वजन त्याच्या टोकावर टाकायचं. पन्नास किलोच्या बाईच्या वजनातून तिथे जवळपास 300 न्यूटन मीटर निघतात. बहुतेक नट बोलतात.

अडतं ते आवळताना. "काका, आता बास का?" हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नाही असा रविवार आठवत नाही. चाक निखळेल या धास्तीने त्या पाईप पुन्हा चढवतात. तो पाईप आवळताना चढला की स्टड ताणला जातो, आटे जातात, डिस्क वाकडी बसून ब्रेक मारताना स्टीअरिंग थरथरतं. बास कधी म्हणायचं, हे माझ्या हाताला कळतं. पण माझ्या हाताला कळलेलं तिच्या हातात कसं घालायचं?

या हाताचा मला फार अभिमान होता, आहे. शेजारचे मिस्त्री नवा इंजिन हेड बसवताना मला हाक मारायचे, "जरा हात लावून बघा." मी बोल्टवर पाना टेकवायचो, किंचित दाबायचो आणि मान हलवायचो. त्या मान हलवण्याची चव अजून जिभेवर आहे. आता अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलाय. जोर लावला की कळ येते, आणि कळ आली की अंदाज कळेच्या मागे दडतो. म्हणून टॉर्क पाना घेतला. ठरवलेला पीळ आला की तो 'कट्ट' वाजतो. दुसरा मिस्त्री दारात दिसला की मी तो अजूनही फडक्याखाली सरकवतो.

टॉर्क पाना प्रत्येकीने घेऊन डिकीत ठेवावा हे सांगणं सोपं आहे. घेत कुणी नाही. गगनबावड्याकडे ड्यूटी असलेली एक नर्सताई शिकायला आली, तिने विचारलं, "35 किलो, 40 किलो असं काही सांगा ना, वजनाचं मला कळतं." मी हिशेब मांडला. नटापासून तळहातापर्यंत 25 सेंटीमीटर धरले, तर 85 न्यूटन मीटरला साधारण 35 किलोचा दाब लागतो. घरातला वजनकाटा आणून स्टुलावर ठेवला. तिने एका तळहाताने काटा 35 वर येईतो दाबला, डोळे मिटून पुन्हा दाबला, मग लगेच नटाच्या उजवीकडे आडव्या धरलेल्या पान्यावर तेवढाच भार दिला. नंतर मी टॉर्क पान्याने तपासलं. जवळ होतं. इतकं जवळ, की मला थोडं लागलं. जे माझ्या हातात यायला उमेदवारीची वर्षं गेली, ते एका काट्यावर बसत होतं. तिने आनंदाने माझ्याकडे पाहिलं, आणि मी नुसती मान हलवली.

आता तर स्टेपनीच जायला लागली आहे. 2020 साली केंद्राने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट दिलं की कंपनीला स्टेपनी न देण्याची मुभा मिळाली. गाडी हलकी होते, डिकीत जागा होते, हे खरं. पण गगनबावड्याच्या रस्त्यावर दगडाने टायरची कड फाटली तर त्या किटातला डिंक तिथे काय धरणार? नर्सताईची गाडी जुनी आहे, तिच्यात पूर्ण मापाची स्टेपनी आहे. नवी घेताना आधी डिकी उघडून बघ, असं मी तिला बजावून ठेवलंय.

काट्याने सगळं मिटलं मात्र नाही. आपण लावतो त्या पिळातला साधारण दहावा हिस्साच चाक धरून ठेवायला उरतो. बाकीचा आट्यांच्या आणि नटाच्या बुडाच्या घर्षणात जातो. गगनबावड्याच्या पावसात आटे गंजले, की तेच 35 किलो दाबूनही चाकाची पकड कमी पडते. कुणी आट्यांना तेल लावलं, तर तेवढ्याच दाबात स्टड जास्त ताणला जातो. म्हणून तारेच्या ब्रशने आटे कोरडे, साफ करायला मी तिला शिकवलं. पण साफ केलेल्या आणि आतून खाल्लेल्या आट्यातला फरक पान्यातून हाताला जाणवतो. गंजलेला आटा वळताना किरकिरतो, मग अचानक मऊ पडतो. ते मऊ पडणं ओळखायला वजनकाटा नाही. त्यासाठी भंगारातून गंजके स्टड जमवून एका जुन्या हबवर लावायला घेतले आहेत.