धावड्याहून लॅपटॉप घ्यायला

भोकरदन तालुक्यातले आमचे धावडा अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळ, बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीला लागून आहे. पावसाळ्याच्या तोंडावर एका पहाटे आम्ही तिथून बसने औरंगाबादला निघालो. सोबत भाईजान आणि त्यांची मुलगी. डॉ. रफिक झकेरिया यांनी 1963 मध्ये सुरू केलेल्या मौलाना आझाद कॉलेजात तिला संगणकशास्त्राला प्रवेश घ्यायचा होता. भाईजानच्या खिशात मिरचीचे पैसे होते.

सिल्लोड, फुलंब्री मागे पडले. पैठण गेटला उतरून दुकाने पाहू लागलो. पहिल्याच दुकानात नव्वद हजारांचा लॅपटॉप समोर आला. "कॉम्प्युटर सायन्सला ग्राफिक्स कार्ड लागतेच," दुकानदार म्हणाला. पैसे कमी पडतील तर हप्ते होतेच. भाईजान गप्प झाले. व्याजाचा व्यवहार त्यांना नको होता. रोख दिले तर वसतिगृहाची फी कुठून भरायची? आणि धावड्याहून रोज येणे-जाणे मुलीला झेपणारे नव्हते.

आम्ही बाहेर चहा घेत कागदावर हिशेब मांडला. सी, जावा, पायथन, डेटाबेस हे सारे साध्या यंत्रावर चालते. ग्राफिक्स कार्ड खेळांना आणि जड कामाला लागते. मशीन लर्निंगचा सराव गुगलच्या कोलॅबवर इंटरनेटवरून मोफत करता येतो. गरज आहे ती 16 जीबी रॅमची. निदान 8 जीबी असावी आणि पुढे वाढवायची सोय असावी. जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी हवी, कारण यंत्राचा वेग तिनेच सर्वांत जास्त जाणवतो. डेस्कटॉप तेवढ्याच पैशात जास्त ताकदीचा मिळतो आणि दुरुस्तीलाही सोपा. पण गावात वीज जाते आणि वसतिगृहात जागा कमी, म्हणून लॅपटॉपच बरा.

दुपारी एका गल्लीत दुरुस्त करून विकलेला, कंपनीच्या कार्यालयात वापरलेला लॅपटॉप सापडला. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, म्हणून विंडोज 11 चालेल असा, इंटेलच्या आठव्या पिढीपुढचा प्रोसेसर आहे ना, ते पाहिले. बॅटरी, कीबोर्ड, वायफाय तिथेच तपासले. बिलावर सहा महिन्यांची वॉरंटी लिहून घेतली. किंमत अठ्ठावीस हजार.

"चाचा, जुना लॅपटॉप बघून मुली हसतील का?" पुतणीने विचारले.

"हसल्या तर हसू देत. पेपरात लॅपटॉपचे मार्क नसतात, बेटा."

त्याच दिवशी वसतिगृहाची फी भरली. रात्री धावड्यात वीज नव्हती. बॅटरीच्या उजेडात तिने त्यावर मोफत मिळणारे उबंटू लिनक्स बसवले आणि एक छोटा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर तिच्या अब्बांचे नाव उमटले. भाईजान बराच वेळ ते बघत बसले.

प्रवेशाच्या दिवसांत पालक आम्हाला विचारतात, कोणता लॅपटॉप घ्यावा? आम्ही उलट विचारतो, फी आणि राहण्याची सोय झाली का? आधी ती करा, मग उरलेल्या पैशांत यंत्र बघा.