दुसरा नग

आमच्या कपाटाच्या खालच्या खणात गेली कित्येक वर्षे एक लाकडी पेटी पडून आहे. दिवाळीची साफसफाई निघाली, की आमच्या सौ. ती बाहेर काढतात आणि विचारतात, "हे भंगारात द्यायचं का?" मी म्हणतो, "पुढच्या वर्षी बघू." पेटीत सुताचा ताण मोजण्याचे यंत्र आहे. सोलापुरातल्या एका तंत्रशाळेत मास्तर असताना, १९७८ साली, मी ते स्वतःच्या हाताने केले.

यंत्रमागावर ताण्याचा ताण कमीजास्त झाला, की सूत तुटते आणि माग थांबतो. विणकर बोटाने अंदाज घेतो. मला वाटले, बोटाचे काम काट्याने करावे. तीन महिने खपून यंत्र केले आणि मोठ्या ऐटीत साखर पेठेतल्या एका कारखानदाराकडे नेले. त्याने ते उलटसुलट करून पाहिले आणि शांतपणे विचारले, "मास्तर, हे एक चालतंय. शंभर चालतील का?"

मला राग आला. व्यापाऱ्याला विद्येची किंमत काय कळणार, असे मनाशी म्हणत मी पेटी उचलली. पुन्हा ती पायरी चढलो नाही. हे गाऱ्हाणे मात्र घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर ऐकवीत आलो.

परवा पुतणी आली. सोलापुरातच अभियांत्रिकी शिकली आणि आता मुंबईत पुढचे शिक्षण घेते. विषय विचारला, तर म्हणाली, "मिश्र-संकेत चिप." माझा चेहरा पाहून तिने पलंगावरची चादरच पुढे ओढली.

"काका, चादरीचा नकाशा काढणारा काय करतो? मोराच्या मानेची वळणदार रेघ आलेखाच्या चौकोनांत बसवतो. मग जेकार्डच्या पुठ्ठ्यावर भोक म्हणजे 'हो', कोरं म्हणजे 'नाही'. ऊष्मा, वजन, ताण ही सगळी जगातली वळणदार रेघ. यंत्राला कळतं फक्त हो-नाही. रेघ आणि चौकोन एकाच चिपवर नांदवायचे, हे आमचं काम. बाजारातल्या विजेच्या तराजूत हेच असतं."

"मग अडतं कुठं?"

"रेघेपाशी. एकाच साच्यातल्या दोन चिपा ऊष्मा सारखा दाखवत नाहीत. नगागणिक चूक वेगळी. म्हणून प्रत्येक नगाची चूक मोजायची आणि तिची दुरुस्ती त्याच नगाच्या पोटात कायमची लिहून ठेवायची."

हे लिहिण्यापुरती इवलीशी स्मृती मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक उदयन गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. सिलिकॉन डायऑक्साइडचा थर, जाडी जेमतेम दहा अणूंची. विजेच्या झटक्याने त्याला छेद पडला, की तो पुन्हा बुजत नाही. म्हणजे आमच्या जेकार्डचे भोकच की! मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीने आपल्या १८० नॅनोमीटरच्या प्रक्रियेत ती उत्पादनासाठी स्वीकारल्याचे २०२१ साली जाहीर झाले. एकशेऐंशी नॅनोमीटर म्हणजे केसाच्या जाडीहून चारशे-पाचशे पटींनी बारीक.

"प्रयोगशाळेत एक नग चालला, तरी प्रबंध होतो," पुतणी म्हणाली. "कारखान्याला तेवढं पुरत नाही. आज चालला तो उद्याही चालला पाहिजे, या तबकडीवर चालला तो त्या तबकडीवरही. ते आम्हाला एकट्यानं जमत नाही. आणि नवी कल्पना काढत बसायला कारखान्याला सवड नसते. दोघांनी एका बाकावर बसावं लागतं."

मी गप्प झालो. तेवढ्यात सौ.नी बाहेर काढून ठेवलेली पेटी तिला दिसली. तिने यंत्र हातात घेतले, काटा हलवून पाहिला.

"काका, हा किती चुकायचा?"

"दीडेक घर. त्याची सवय झाली होती मला."

"आणि दुसऱ्या नगाचा?"

दुसरा नग मी कधी केलाच नव्हता. इतकी वर्षे ज्याला मी अपमान समजत होतो, तो प्रश्न होता. आणि तो मीच मला विचारायला हवा होता. कारखानदाराने दार लावले नव्हते. पेटी उचलून निघालो होतो तो मी. "शंभरांचं माहीत नाही, दहा करून बघू का?" एवढे म्हणालो असतो, तर कदाचित त्याने एक माग मोकळा करून दिला असता. आता विचारावे, तर तो कारखानदार हयात नाही.

यंदा सौ.नी भंगाराचा विषय काढला नाही. पेटी टेबलावर आहे. शेजारी नवी स्प्रिंग आणून ठेवली आहे, दुसऱ्या नगासाठी.