पुडे बांधताना वाचायची पुस्तकं

चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४६ च्या पुढे सरकला की पुण्या-मुंबईच्या मासिकांतल्या ‘सुट्टीत काय वाचाल’ अशा याद्यांची मला गंमत वाटते. त्यांत ‘हलकंफुलकं’ हा शब्द हमखास असतो. आमच्याकडे अकराला दारं-खिडक्या लागतात, कुलर घरघरू लागतो आणि ऊन उतरेपर्यंत माणूस घरात कोंडलेला. हलकंफुलकं पुस्तक चहाच्या आधीच संपून जातं. शिवाय विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या अखेरीस, बाकी महाराष्ट्राच्या मागाहून. एवढ्या लांब उन्हाळ्याला पुरेल असं पुस्तक लागतं.

कुलरसमोर वाचलेलं पुस्तक लगेच ओळखू येतं. दमट वाऱ्यानं पानं फुगतात, वाळली की लाटा धरतात, आणि ते पुन्हा कधी नीट मिटत नाही. आमच्या घरातलं ‘चकवाचांदण’ असंच फुगलेलं आहे. चितमपल्लींची ती आत्मकथा आमच्या आळीत किती घरांच्या कुलरपुढून गेली, कोण जाणे! परत आली तेव्हा तिला एका घरच्या लोणच्याचा वास होता. पुस्तक मागून नेणाऱ्यावर चिडणारी माणसं मी पाहिली आहेत. माझा जीव मात्र न मागितल्या गेलेल्या पुस्तकासाठी तुटतो. ते कपाटात राहतं आणि उधळीच्या तोंडी जातं.

पण वाचनाचा खरा मोसम मी पाहिला तो आजोळी, आरमोरी तालुक्यात, तेंदूपत्त्याच्या दिवसांत. पहाटे अंधारात बायामाणसं जंगलात जातात, ऊन चढायच्या आत पानांचे भारे घेऊन परततात. मग सावलीला बसून पुडे बांधायचे. ७० पानांचा एक पुडा, वरून सालीचा वाक आवळायचा. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पुडे जमा करायच्या जागी, मुन्शी मोजून घेणार, पान कमी भरलं तर पुडा बाजूला पडणार. या कामात हात गुंततात, कान मोकळे राहतात. त्या मोकळ्या कानांसाठी मी पुस्तकं नेऊ लागले.

तिथे पुस्तक निवडायची कसोटीच निराळी. मोठ्यानं वाचता आलं पाहिजे, कुठेही थांबवता आलं पाहिजे. वाक्य लांबलं की ऐकणाऱ्यांची चुळबुळ सुरू होते. विलास मनोहरांचं ‘नेगल’ तिथे चालतं, हेमलकशाच्या बिबट्याचं आणि त्याच्या सोबत्यांचं ते पुस्तक. पोरं तर ऐकतातच, पण एखादा प्रसंग रंगला की मोठ्यांचीही मोजणी चुकते आणि झालेली पानं पहिल्यापासून मोजावी लागतात. वाचायला बसतो माझा मामेभाऊ. वनरक्षक भरतीची तयारी करतो, म्हणून बाकी वेळ हातात गाइड. आवाज झाडीपट्टीच्या नाटकातल्या खलनायकाचा, त्यामुळे हरणसुद्धा त्याच्या तोंडून दरडावूनच बोलतं.

एका वर्षी राणी बंग यांचं ‘गोईण’ नेलं होतं. गडचिरोलीतल्या बायांना झाडांविषयी जे ठाऊक आहे, त्यांच्याकडून ऐकून लिहिलेलं. ते त्यांच्यासारख्याच बायांपुढे वाचताना मला धाकधूक होती. मोहाचं झाड आलं आणि आजोळच्या मोठ्याईनं हात थांबवला.

“एवढंच लिवलं का वो मोहाचं?”

मग जे सुरू झालं ते कुठल्याही पुस्तकात मावलं नसतं. फुलं पहाटे गळतात, ती नीट दिसावीत म्हणून काही जण झाडाखालचा पाला पेटवून देतात आणि तीच आग रानात शिरते. मोठ्याईचा त्याला सक्त विरोध. “झाडून घ्या ना बाबू! कंबर मोडते का?” टेंभरं पिकली की अस्वल कुठल्या वाटेनं येतं, यावर दोघींचं वाजलं. मामेभावानं मधेच गाइड उघडून अस्वलाचं शास्त्रीय नाव वाचून दाखवलं. कोणी लक्ष दिलं नाही.

विदर्भाच्या रानावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं बाहेरून येऊन इथे रमलेल्या माणसांनी. चितमपल्ली मूळचे सोलापूरचे. त्यांनी आयुष्यभर रानातल्या माणसांना विचारून टिपून ठेवलं. १८ जून २०२५ ला ते गेले तेव्हा अग्रलेख आले, आणि ते यायलाच हवे होते. पण अशी पुस्तकं जिथून निघाली तिथे परत नेऊन वाचणारे थोडे. मला तर उन्हाळी वाचनाचं याहून चांगलं निमित्त सापडत नाही. ऐकणारं माणूस जाणतं असलं की लेखकाचा कस लागतो, आणि चांगला लेखक त्यात उतरतो.

आणखी आत, भामरागडकडे पुस्तकं पाठवायची तर वेळ पाहावी लागे. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढलं की गावाचा रस्ता तुटायचा. तिकडे गेलेलं पुस्तक मृगाआधी परत आलं नाही, तर दिवाळीपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही, असा आमच्यात अलिखित करार होता.

यंदा मोठ्याईचा निरोप आला आहे. झाडाचं पुस्तक पुरे, आता माणसाचं आण. अक्षर मोठं पाहिजे. आणि शेवटी कोणी मरत असलं तर आधीच सांगून ठेव, पुडे भिजतात. मी साधनाताई आमट्यांचं ‘समिधा’ काढून ठेवलं आहे. मोठ्याईनं वरोऱ्याचं आनंदवन स्वतः पाहिलं आहे, तेव्हा तिथल्या संसाराच्या त्या पुस्तकातही ती दुरुस्त्या काढणार, हे नक्की.